भुवयांवरची रुई

पहिल्या फेरीत परीक्षक एका फोटोला चार सेकंद देतो. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे ज्यांचे फोटो मी आजवर बाद केले, त्यांना माझ्या नावानं जे खडे फोडायचे ते इथेच फोडून पुढे वाचता येईल.

चार सेकंद कमी वाटतात, पण तिथली दुपार बघा. शंभरावर फोटो. पंखा कधी बंद पडेल त्याचा नेम नाही. समोर खुर्च्यांवर तेच लोक बसलेले, ज्यांनी ते फोटो काढलेत. लाकडी स्टँडवर, दोन ट्यूबलाइटच्या उजेडात एकेक फोटो येतो आणि मी म्हणते, "ठेवा" किंवा "काढा". फोटोच्या मागे फक्त नंबर. नाव बंद पाकिटात. "ठेवा" म्हटलेले फोटो दुसऱ्या फेरीत जातात, तिथे त्यांच्यावर बोलायचं. "काढा" म्हटलेल्याच्या मागे एक चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावर एका ओळीत कारण. खाली परीक्षकाची सही.

हे सगळं लोकांसमोर करायचं, हा माझा हट्ट. इतर ठिकाणी परीक्षक खोलीत बसतात, चहा पितात आणि निकाल दाराला चिकटवून मागच्या दारानं निघून जातात. हे मला पटत नाही. जो मारतो त्यानं तोंड दाखवावं. जो नापास करतो त्यानं कारण लिहून द्यावं. अकोल्याच्या आमच्या हौशी फोटोग्राफी क्लबानं हे "उघडं परीक्षण" कुरकुरत स्वीकारलं. पहिल्याच वर्षी दोघांनी क्लब सोडला आणि नवे बरेच आले. भांडण बघायला आले असतील, पण आले.

मी मूळची फोटोवाली नाही, पत्रकवाली. जठारपेठेत माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, लेटरहेड, तेरवीच्या पत्रिका, त्यावर पोट. आणि कापसाच्या भावासाठी, विजेसाठी, बोगस बियाण्यांविरुद्ध जी पत्रकं निघायची ती लिहिणारी, जुळवणारी आणि बसस्टँडवर उभी राहून वाटणारीही मीच. पत्रकाला फोटो लागतो. तो मागायला मी क्लबात जाऊ लागले आणि तिथे मला तोंड बंद ठेवता आलं नाही. एका ज्येष्ठ सभासदानं सूर्यास्ताचा फोटो लावला होता. सगळे वा-वा करत होते. मी म्हटलं, "सूर्य झकास आहे, पण तो तुम्ही केलेला नाही. यात तुम्ही काय केलं?" मग मागून कोणीतरी म्हणालं, "पुढच्या साली हिलेच बसवा परीक्षक." त्यांनी टोमणा मारला होता. मी होकार दिला.

या कामात माणसं कशी कळतात ते सांगते. फोटो बाद झाला की लोक फोटोचा बचाव करत नाहीत, आपल्या कष्टाचा करतात. एक म्हणतो, तीन तास गड चढलो. अहो, फोटोत चढण दिसत नाही, मी काय करू? दुसरा कॅमेऱ्याची किंमत सांगतो. तिसरे एक गृहस्थ तर बायकोला घेऊन दुकानात आले. मी चिठ्ठीवर लिहिलं होतं, "चेहऱ्यावर काहीच घडत नाही." फोटो त्या बाईंचाच होता. त्या टेबलापलीकडून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यायले चार वेळा सांगतलं, माहा चेहरा असाच आहे, तुमी झाड काढा." नवऱ्याला घेऊन हसत निघूनही गेल्या. टीका घ्यावी तर अशी.

आणि सेमाडोहच्या जंगलातला वाघ. एका सभासदानं वाघाचा फोटो दिला होता. जबडा उघडा, डोळ्यांत आग, मागे सागाची पानं. आख्खा हॉल टाळ्या वाजवत उठला. मी फोटो हातात घेतला, तिरपा धरला. वाघाच्या कानाजवळ एक बारीक चकचकीत रेघ होती.

"वाघाच्या कानाला पिन कशी काय लागली?" मी विचारलं.

"जंगलात काहीही असू शकते, मॅडम," कोपऱ्यातून आवाज आला. नाव पाकिटात बंद होतं, पण आवाज काही पाकिटात राहिला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढून दिला होता गड्यानं, पिनेसकट.

त्या दिवसापासून माझा दबदबा. हिच्यासमोर खोटं चालत नाही, असं लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. आता सतरा नंबरचं सांगते.

त्या वर्षांत वऱ्हाडात कोणीही वर्तमानपत्र उघडताना आधी आतलं पान उघडायचं. तिथे लहान चौकटीत एखाद्या शेतकऱ्याचा चेहरा असायचा, खाली गाव आणि वय. काय झालं हे कोणी विचारत नसे. चेहरा पेपरात आला, म्हणजे माणूस गेला. मी त्या चौकटी कापून वहीत चिकटवायचे आणि रागानं पत्रकं लिहायचे. तो राग खरा होता, अजून आहे. पण रागाला स्वतःचे डोळे असतात असं मी धरून चालले होते, ती माझी चूक.

स्पर्धेचा विषय होता "आजचं वऱ्हाड". तीन परीक्षकांपैकी एक आजारी पडले, दुसरे लग्नाला गेले. मी एकटीच उरले. मला आनंदच झाला.

फोटो येऊ लागले तसा माझा उत्साह ओसरला. कपाळाला हात लावलेला माणूस. पुन्हा कपाळाला हात. भेगाळलेली जमीन, पुन्हा कपाळाला हात. "काढा, काढा, काढा." आणि मग सतरा नंबर आला.

काळा-पांढरा, बारा बाय अठराचा. कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेला पन्नाशीचा माणूस. हात त्याच कपाळावर, पण काय उजेड होता. दाढीचा प्रत्येक केस दिसत होता. आणि भुवया पांढऱ्या, जणू वर काहीतरी साचून राहिलंय. खाली शीर्षक: "अखेरचा हंगाम".

दुसऱ्या फेरीत मी त्या फोटोवर पाच मिनिटं बोलले. ते भाषण माझ्याकडे शब्दशः आहे, कारण पुढे मलाच ते छापावं लागलं. त्यातलं थोडं देते: "या भुवयांवरची धूळ बघा. ही एका दिवसाची धूळ नाही. पिढ्यान्‌पिढ्या या मातीनं या माणसाच्या चेहऱ्यावर आपला इतिहास लिहिलाय. या माणसाला कोणी बसायला सांगितलेलं नाही. तो बसलाय, कारण त्याच्यात उठायचं बळ उरलेलं नाही." टाळ्या थांबेनात. मी मंचावरूनच जाहीर केलं की पुढच्या आठवड्याच्या मोर्चाच्या पत्रकावर हाच फोटो जाईल.

त्याआधी पहिल्या फेरीत एकेचाळीस नंबर येऊन गेला होता. त्याला मी चार सेकंदही दिले नव्हते. रंगीत, साध्या कॅमेऱ्याचा, डावा हात कडेला अर्धा कापलेला. एक माणूस तोंड भरून हसतोय आणि सगळीकडे धुरकट पांढरं काहीतरी. मी म्हणाले, "काढा." चिठ्ठीवर लिहिलं: "धूर. आणि या काळात हसरे चेहरे सरकारी जाहिरातीत शोभतात." तेही वाचून दाखवलं. लोक हसले.

चारच्या सुमाराला पाकिटं उघडली. सतरा नंबर लांडे साहेबांचा निघाला. लांडे साहेब बँकेत अधिकारी, क्लबाचे सचिव, माणूस शिस्तीचा. फोटो संध्याकाळी सातच्या आत स्थानिक पेपरकडे द्यायचा होता, पहिल्या नंबरचा फोटो दुसऱ्या दिवशी छापायचं त्यांनी कबूल केलं होतं. नंतर निवडलेले सगळे फोटो घेऊन प्रदर्शन अमरावतीला जाणार होतं.

तेवढ्यात चौथ्या रांगेतली एक मुलगी उठली. पंचविशीची, डोक्यावर ओढणी, हातात पर्स घट्ट धरलेली.

"ताई, सतरा नंबरबद्दल बोलू का?"

लांडे साहेब म्हणाले, "स्पर्धकानं आपल्या फोटोबद्दल बोलायचं नसते. नियम वाचला ना?"

"वाचला सर. माह्या फोटोबद्दल नाहीच बोलून राहिली मी. तुमच्या फोटोतला मानूस माहा बाप आहे."

पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई वळून हळू आवाजात म्हणाल्या, "अरेरे. कधी गेले, बेटा?"

"गेले नाही काकू. दुकानात आहेत. रजाया भरून राहिले."

कोणाला हसावं की काय करावं कळेना. मुलगी पुढे आली. तिचं नाव नसीमा. बार्शीटाकळीची, तिथल्या उर्दू शाळेत शिक्षिका. तिनं बाद फोटोंच्या गठ्ठ्यातून एकेचाळीस नंबर काढला आणि सतराच्या शेजारी स्टँडवर ठेवला.

"हाही थेच. हा मी काढला. अब्बा शेतकरी नोहेत ताई, पिंजारी आहेत. आमची गाद्या-रजायांची मशीन आहे. भुवयांवर जे आहे ना, थे माती नोहे. रुई आहे."

मी दोन्ही फोटोंवर वाकले. तोच कान. गालावर तोच तीळ. सतरामध्ये भुवयांवरची ती "पिढ्यान्‌पिढ्यांची धूळ" आता मला तंतू न् तंतू वेगळी दिसू लागली. कापसाच्या मुलखात जन्मले, कापसाच्या भावावर घसा फोडला आणि मला माणसाच्या भुवईवरची रुई ओळखता आली नाही.

मंचावर माझे कान तापले. मी विचारलं, "तुझं म्हणणं काय आहे? नंबर तुला द्यायचा?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तो प्रश्न परत गिळावासा वाटला.

"नंबर ठेवा तुमच्यापाशी. हा फोटो पेपरात देऊ नका आन् अमरावतीले नेऊ नका, एवढंच. माही फुफी अमरावतीले राहते, अब्बाची मोठी बहीन. तिचं दिल कमजोर आहे, डॉक्टरनं जपायले सांगतलं. ती सकाळी पेपर घेते आन् फोटो पाहते, वाचता येत नाही तिले. ह्या दिवसांत पेपरात असा मानूस दिसला, तं काय झालं असं समजते लोक? तुमीच सांगा ताई, तुमी तं पत्रकं काढता."

मला सांगायची गरज नव्हती. हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

लांडे साहेब चिडले नाहीत, हे मला आजही मान्य करावं लागतं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, फोटो खोटा नाही. प्रातिनिधिक आहे. माणूस कोणता का असेना, वेदना खरी आहे की नाही?"

हे वाक्य माझं होतं. माझ्या एका पत्रकात दुसऱ्याच गावाचा फोटो छापला गेला होता, तेव्हा मी हेच उत्तर दिलं होतं, अगदी "प्रातिनिधिक" या शब्दासकट. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

घड्याळात साडेचार. निकालपत्रावर माझी सही अजून व्हायची होती, आणि सहीशिवाय निकाल बाहेर जात नाही. मी पेन बंद केलं आणि म्हटलं, "त्या माणसाला विचारू. बार्शीटाकळी काही लांब नाही. साहेब, गाडी काढा."

लांडे साहेबांच्या गाडीत ते, मी आणि मांडीवर दोन्ही फोटो धरून मागे बसलेली नसीमा. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते, आणि लाज वाटते पण खरं सांगते, त्यातली निम्मी वाक्यं माझा निकाल वाचवायची होती.

दुकानात शिरलो आणि पहिल्याच श्वासाला मला खोकला आला. मशीन सुरू होती. पिंजलेली रुई एका बाजूनं ढगासारखी बाहेर पडत होती आणि हवेत, उजेडाच्या पट्ट्यात, सगळीकडे पांढरे बारीक तंतू तरंगत होते. हाच माझा "धूर". पाच मिनिटांत लांडे साहेबांच्या मिशा पिकल्या. माझ्या भुवया कशा दिसत असतील ते विचारायची सोय नव्हती.

नसीमाच्या अब्बांनी, रहीमचाचांनी, मशीन थांबवली, हात झटकले. लांडे साहेबांना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, थे फोटोवाले साहेब. या, या. कसा आला फोटो?"

"पहिला आला, अब्बा," नसीमा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता, पण तो बापापर्यंत पोचला नाही.

"वा. मंग चाय पाहिजे."

चहा आला. मी विचारलं, "चाचा, त्या दिवशी काय झालं होतं?"

"होनार काय. सायकलवर गादी बांधून खेड्यावर गेलतो पोचवायले. सकाळीच पिंजलं होतं, अंग झटकलं नाही. येतानी जरा धुऱ्यावर टेकलो. वावरात कापूस वेचनं चालू होतं. हे साहेब लोक आले सहा-सात, गळ्यात क्यामेरे. वावरवाल्याले म्हने, जरा बसता का इथं. थो म्हने, मले टाइम नाही, बाया लावल्या हायेत मजुरीनं. मंग मले म्हने, तुमी बसा. मी तं बसलोच होतो."

लांडे साहेब कप बघत होते.

"मंग एक जन म्हने, हात डोक्याले लावा. मी म्हनलो, माहं डोकं नाही दुखून राहिलं. थे म्हने, लावा तं खरं. आता पाहुने मानसं, गावात आलेले, नाही कसं म्हनाव. लावला. एकाचं झालं का दुसरा. दुसऱ्याचं झालं का तिसरा. खरं सांगतो बेटी, शेवटी डोकं दुखालेच लागलं."

मी हसले. मग आठवलं की याच बसण्यावर मी "उठायचं बळ उरलेलं नाही" असं बोलले होते, आणि हसू तिथेच थांबलं.

चाचांनी सतरा नंबर हातात घेतला. दाराशी उजेडात नेला. बराच वेळ पाहिला, माझ्यासारखा चार सेकंद नाही.

"फोटो साफ आहे. कारागिरी आहे साहेबाची, मानलं. पन यात मी मेलो ना." फोटो त्यांनी लांडे साहेबांच्या हातात परत दिला. "आपाले, माह्या बहिनीले, नका दाखवू. ती ऐकून नाही घ्यायची कोनाचं. तिथंच बसून जाईन."

मग एकेचाळीस नंबर पाहिला आणि लेकीला म्हणाले, "यात माहा हात कापला तू. मशीन पन अर्धी. काय फोटो काढते?"

"अब्बा, तुमी हलले."

"मी हलनारच. लाईन आली होती."

मी विचारलं, "लाईन आली म्हणजे?"

नसीमानं सांगितलं. सकाळपासून भारनियमन. आठ-आठ तास वीज नसायची तेव्हा, तीन दिवसांच्या रजाया तुंबल्या होत्या, चाचा मशीनपाशी हात बांधून बसले होते. ती घरचा साधा कॅमेरा तपासत होती. तेवढ्यात मशीन धाडकन सुरू झाली, अडकलेली रुई भस्सकन उडाली आणि बाप हसला. तिनं बटण दाबलं. तेवढंच.

मी विजेवर तीन पत्रकं लिहिली होती. एकाही पत्रकात, वीज येते त्या क्षणी माणसाचा चेहरा कसा होतो, ते नव्हतं. ते एकेचाळीस नंबरात होतं आणि त्याच्या मागे माझ्या सहीनं "सरकारी जाहिरात" असं लिहून चिकटवलेलं होतं. "आजचं वऱ्हाड" मागितलं होतं ना मी? ते माझ्यासमोर स्टँडवर येऊन उभं राहिलं आणि मी "काढा" म्हटलं.

परतताना गाडीत लांडे साहेब बोलले. "ताई, नियम तुम्हीच लिहिला आहे. परीक्षकाचा निर्णय अंतिम."

"निर्णय सहीनंतर अंतिम होतो. सही व्हायची आहे."

"मी फोटो नाही दिला पेपरला, तर लोक विचारतील. तुम्ही भर हॉलमध्ये पाच मिनिटं बोलल्या."

"मी पत्रक काढीन. नक्की काय झालं ते सगळ्यांना सांगीन."

"काढा," ते म्हणाले. "मी बसायला सांगितलं ते छापा, हात लावायला सांगितला तेही छापा. पण मग तुमचं भाषणसुद्धा छापा. पुरतं. भुवयांसकट."

मला राग आला. इतका की खिडकीबाहेर पाहत बसले. आणि मग, रेल्वे फाटक बंद होतं तिथे थांबलो असताना, तो राग हळूहळू बसला, कारण माणूस बरोबर बोलत होता. त्यानं मला फसवलं नव्हतं. त्यानं मला हवं ते दिलं होतं. क्लबातले सगळे दोन वर्षं बघत होते की मला काय आवडतं. कपाळाला हात लावलेले इतके फोटो एका विषयावर कुठून आले होते? माझ्या टाळ्यांमधून आले होते.

सहा वाजून गेले होते. हॉलवर थोडेच लोक उरले होते. मी निकालपत्र घेतलं, पहिल्या ओळीवर रेघ मारली आणि लिहिलं: "प्रथम क्रमांक: कोणालाही नाही. कारण: परीक्षकाची चूक." सही केली. मग एकेचाळीस नंबरमागची चिठ्ठी सोलायला घेतली, तर नसीमा म्हणाली, "काढू नका ताई. खोडा आन् खाली लिहा. काय लिहिलं होतं थेही दिसू द्या."

पोरगी माझ्यापेक्षा पक्की होती. मी जुनी ओळ खोडली, वाचता येईल अशी. खाली लिहिलं: "धूर नाही, रुई. हसू खरं, कारण वीज आली. डावा हात कापला गेला आहे, पुढच्या वेळी एक पाऊल मागे." तिनं वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "एक पाऊल मागं गेली तं भिंत आहे, मंग?" मी म्हटलं, दारात उभी राहा. ती म्हणाली, हे जमण्यासारखं आहे.

लांडे साहेब सातच्या आत पेपरच्या कार्यालयात फोटो न देता नुसता निकाल देऊन आले. मोर्चाचं पत्रक फोटोशिवाय निघालं. आणि दुसरं पत्रक निघालं, माझ्या आयुष्यातलं एकमेव, जे मी माझ्याच विरुद्ध काढलं. त्यात त्यांनी बसवलं तेही होतं, माझं भाषणही होतं, पुरतं. जठारपेठेच्या चौकात मी ते वाटलं तेव्हा लोक आधी वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग पुन्हा वाचायचे. एक ओळखीचे किराणा दुकानदार म्हणाले, "ताई, हे तुमीच लिहिलं का कोनी तुमच्या नावानं काढलं?" पुढची दोन वर्षं मला कोणी परीक्षक म्हणून बोलावलं नाही. ते ठीकच झालं. त्या दोन वर्षांत मी फोटो बघायला शिकले, बोलायला तर आधीपासूनच येत होतं.

अमरावतीच्या प्रदर्शनाला मी गेले, कारण न जाणं म्हणजे पळून जाणं. पहिल्या भिंतीवर, पहिल्या नंबरच्या जागी नुसता खिळा असणार आणि खाली माझं पत्रक, हे मला माहीत होतं. पण सकाळी पोचले तर लांडे साहेब स्टुलावर चढून खिळ्याला फ्रेम अडकवत होते. एकेचाळीस नंबर. फ्रेम त्यांनी स्वतः करून आणली होती, चांगल्या काचेची.

"बाद फोटो लावता येत नाही. नियम आहे," मी म्हटलं.

"नंबर देऊन नाही लावून राहिलो," ते खाली न बघता म्हणाले. "रिकामा खिळा बरा दिसत नाही. सरळ आहे का पाहा."

"डावीकडे थोडं वर."

दुपारी नसीमा फुफीला घेऊन आली. बारकी, वाकलेली बाई, हातात कापडी पिशवी. कोणी काही सांगितलं नाही त्यांना, भिंतीकडे नेलं फक्त. मी आणि लांडे साहेब दोघेही उगाच दुसऱ्या फोटोसमोर उभे राहिलो, कान तिकडे.

फुफी फोटोच्या अगदी जवळ गेल्या. काचेला नाक लागेल इतक्या जवळ. हसणाऱ्या भावाकडे पाहत राहिल्या. मग बोट वर करून काचेवर एका जागी टेकवलं.

"हा दात कवा पडला याचा?"

"दोन महिने झाले, फुफी," नसीमा म्हणाली.

"दोन महिने." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि भाचीकडे वळल्या. "आन् मले कोनी सांगतलं नाही. फोन लाव त्याले. आत्ता लाव."